पोन्नियिन् सेल्वन् : इंग्रजी भाषांतरे
‘कल्की’ या टोपणनावाने विख्यात असलेले तमिळ साहित्यिक रा. कृष्णमूर्ती (१८९९–१९५४) यांच्या पोन्नियिन् सेल्वन् या ऐतिहासिक कादंबरीची इंग्रजी भाषांतरे व त्यांतून उद्‌भवणारे भाषांतरविषयक प्रश्न. ही कादंबरी कल्की या साप्ताहिकातून १९५० ते १९५४ या काळात क्रमशः प्रसिद्ध झाली. मणियम् यांनी तीसाठी चित्रे काढली. तिचे पाच भाग असून एकूण प्रकरणे २९३ आहेत.

दहाव्या शतकातील चोळ राजघराण्यातील वारसाचा संघर्ष हा तिचा विषय होय. पुढे पहिला राजराज (कार. ९८५–१०१४) म्हणून प्रसिद्धीस आलेला राजपुत्र अरुळमोळिवर्मन्, त्याची बहीण कुंदवै, वडील बंधू आदित्य करिकालन्, सूडाने पेटलेली नंदिनी आणि साहसी तरुण वंदियत्तेवन् ही तिच्यातील प्रमुख पात्रे. शिलालेख, ताम्रपट आणि चोळ इतिहासावरील संशोधन यांच्या आधारावर कल्कींनी कल्पिताची उभारणी केली आहे.

कल्कींच्या जन्मशताब्दीच्या सुमारास त्यांचे वाङ्‌मय तमिळनाडू शासनाने राष्ट्रीयीकृत केले. त्यामुळे एकाच कादंबरीची अनेक भाषांतरे होण्यास वाट मोकळी झाली. सी. व्ही. कार्तिक नारायणन् यांचे पाचही भागांचे भाषांतर मॅकमिलन या प्रकाशनसंस्थेने १९९९ पासून प्रसिद्ध केले. पवित्रा श्रीनिवासन् यांनी केलेल्या पहिल्या भागाच्या भाषांतराचे प्रकाशन २००८ मध्ये झाले. मणिरत्नम् यांचे या कथेवरील दोन चित्रपट २०२२ व २०२३ मध्ये प्रदर्शित झाल्यावर वाचकांचे कुतूहल वाढले. नंदिनी कृष्णन् यांनी केलेले पहिल्या भागाचे भाषांतर २०२३ मध्ये निघाले.

शीर्षकापासूनच अडचणींना प्रारंभ होतो. ‘पोन्नी’ हे कावेरीचे लाडके नाव. ‘सेल्वन्’ या शब्दात पुत्र, लाडका आणि संपन्न अशा छटा एकवटल्या आहेत. इंग्रजीत त्यांपैकी एकच निवडावी लागते, म्हणून बहुतेक भाषांतरकारांनी मूळ नावच कायम ठेवले. पहिल्या भागाचे नाव ‘पुदु वेळ्ळम्’ असे आहे. त्याची ‘द फर्स्ट फ्लड्स’, ‘फ्रेश फ्लड्स’ व ‘द फर्स्ट फ्लड’ अशी तीन रूपे झाली. तथापि इंग्रजी ‘फ्लड’ या शब्दातून मुख्यतः आपत्ती सूचित होते. कथेचा आरंभ होतो तो आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी. त्या दिवशी नदीला आलेल्या नव्या पाण्याचे स्वागत करण्यासाठी कुटुंबे चित्रान्नाचे डबे घेऊन काठावर जमतात. मूळ शब्दातील हे मांगल्य एका इंग्रजी शब्दात मावत नाही.

संबोधनांचा प्रश्न याहून बिकट आहे. तमिळमध्ये ‘नी’, ‘नीर्’ आणि ‘नींगळ्’ अशी द्वितीयपुरुषी सर्वनामे असून त्यांच्या निवडीवरून दोन व्यक्तींमधील अंतर, आदर वा अवहेलना कळते. मराठीत तू, तुम्ही, आपण यांनी हे काम बऱ्याच अंशी साधते. इंग्रजीत मात्र ‘यू’ एकच. राजकारस्थानांच्या या कथेत कोण कोणाशी कोणत्या पायरीने बोलतो, यालाच महत्त्व असल्याने हा भेद पुसला गेला, तर प्रसंगातील ताण सैल पडतो. अरुळमोळी बहिणीला ‘अक्का’ म्हणतो. त्या हाकेऐवजी नुसते नाव घातल्यास जिव्हाळा व आदर दोन्ही उणावतात. कुंदवै ‘इळैय पिराट्टी’, तर नंदिनी पळुवूरची ‘इळैय राणी’ म्हणून ओळखली जाते. ‘इळैय’ म्हणजे धाकटी. दोघींनाही ‘तरुण राणी’ म्हटल्यास परस्परविरोधी असलेल्या या स्त्रियांत वाचकाचा गोंधळ उडतो.

क्रमशः लेखनामुळे निवेदक अधूनमधून थेट वाचकांशी बोलतो, मागील कथाभागाची आठवण देतो व प्रकरणाचा शेवट उत्कंठेवर करतो. ग्रंथरूपात हे पाल्हाळ वाटते, म्हणून ते कापण्याचा मोह होतो. परंतु कथेतील मौखिक कथनाचा गोडवा त्यातच आहे. शैव-वैष्णव वादात रमणारा आळ्वारकडियान् आणि कथेत येणारी भक्तिपदे यांचा संदर्भही तमिळेतर वाचकाला पुरवावा लागतो. टीपांनी कथेचा वेग खुंटतो, तर टीपांवाचून अर्थ निसटतो.

तमिळ घरांत जन्मूनही तमिळ लिपी न शिकलेल्या पिढीला ही कादंबरी बहुधा इंग्रजीतूनच भेटते. अशा वाचकाला कथानक सहज हाती येते. नात्यांची भाषा मात्र भाषांतरकाराने जेवढी राखली असेल, तेवढीच त्याच्यापर्यंत पोहोचते.