ट्रकचा तेलाचा चेंबर बदलतांना पुढील डिफरन्शियल कां उतरवावें लागतें

इंजिनाच्या तळाशीं तेलाचें जें भांडें असतें, त्यास दुरुस्तीच्या कारखान्यांत ‘चेंबर’ म्हणतात. तो गळूं लागल्यास बहुतेक गाड्यांत उपाय सोपा असतो : तेल काढावें, बोल्ट सोडावे, जुना चेंबर उतरवून नवा चढवावा. परंतु ज्या ट्रकचीं चारही चाकें इंजिनाच्या शक्तीनें चालतात, त्यांपैकीं पुष्कळांत एवढ्यानें भागत नाहीं. पुढील दोन चाकांस शक्ति वांटून देणारें डिफरन्शियल चेंबरच्या अगदीं खालीं बसविलेलें असतें व तें आधीं उतरवावें लागतें. अशा वेळीं भांड्याच्या किंमतीपेक्षां मजुरीच भारी पडते. म्हणून हें काम हातीं घेण्यापूर्वीं तें खरोखर अवश्य आहे काय, याची खात्री करून घेणें ही पहिली काटकसर होय.

अडचणीचें मूळ

जुन्या पद्धतीच्या ट्रकांत पुढें एकच अखंड आंस असे व डिफरन्शियल तिच्या पोटांत असून तिच्याबरोबरच खालींवर होई. पुढें दोन्ही चाकें स्वतंत्रपणें खालींवर होतील अशी रचना आली. अमेरिकेंतील शेवरोलेच्या मोठ्या पिकअप ट्रकांत चारही चाकें चालणाऱ्या नमुन्यांस ही रचना १९८८ सालापासून मिळाली. तींत डिफरन्शियल चाकांबरोबर हलत नाहीं. तें चौकटीस बोल्टांनीं जखडलेलें असतें. प्रवास सुखाचा झाला, पण चेंबरखालची जागा गेली. चेंबरच्या आंत तेलपंपाची शोषण-नळी खोलवर उतरलेली असते. तिच्याखालून निसटण्याइतका चेंबर खालीं आल्याशिवाय तो बाहेर निघत नाहीं, आणि तेवढें अंतर डिफरन्शियल मिळूं देत नाहीं.

ट्रॅक्टर बाळगणाऱ्यांस ही गोष्ट नवी वाटूं नये. पुष्कळ ट्रॅक्टरांत ओतीव लोखंडाचा चेंबर हा सांगाड्याचाच भाग असतो. तो काढावयाचा तर पुढचा भाग सोडवावा लागतो.

चेंबर कां गळतो

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत हिंवाळ्यांत रस्त्यांवरील बर्फ वितळविण्यासाठीं मीठ पसरतात. त्या खाऱ्या चिखलानें पोलादी पत्र्याचे चेंबर गंजून त्यांस बारीक भोंकें पडतात. आपल्याकडे कोंकणपट्टीच्या खाऱ्या हवेंतही लोखंड लवकर गंजतें. ॲल्युमिनियमचा ओतीव चेंबर असा गंजत नाहीं. परंतु शेतवाटेवरील दगडाचा जोराचा आघात लागल्यास त्यास तडा जातो, किंवा निचऱ्याचा बोल्ट बेताबाहेर आवळल्यास त्याचे आटे झिजतात. केवळ आटेच गेले असतील तर नवे आटे बसवून काम भागतें. चेंबर उतरविण्याची गरज नसते.

आधीं निदान

तेल चेंबरखालीं टिपकतें म्हणून चेंबरच गळतो असें समजूं नये. वरच्या झांकणाचें पॅकिंग किंवा तेलाचा दाब दाखविणाऱ्या यंत्राची जोडणी गळत असली, तरी तेल ओघळून तळाशींच येतें व वाऱ्यानें मागें पसरतें. इंजिन व गिअरपेटी यांच्या सांध्यांतून थेंब पडत असल्यास मागील ऑईल सील खराब असण्याचा संभव असतो. यासाठीं सर्व तळ स्वच्छ धुऊन कोरडा करावा, थोडा वेळ गाडी चालवावी, आणि मग वरून खालीं क्रमानें कोरड्या पांढऱ्या फडक्यानें पुसून पाहावें. सर्वांत उंचावर जेथें ओल सांपडेल तेथेंच रोग समजावा.

गंजलेल्या जागीं लांबी थापून गळती कांहीं दिवस थांबते. पण भोंवतालचा पत्राही तितकाच क्षीण असल्यानें ती भरंवशाची नव्हे. घरापर्यंत येण्यापुरता तो उपाय ठीक. चेंबर जागेवर ठेवून त्यास वेल्डिंग करणें आगीच्या भयास्तव वर्ज्य मानावें.

उतरविण्याचा क्रम

गाडी सपाट व टणक जमिनीवर घ्यावी. बॅटरीची तार सोडावी, मागील चाकांस उटी लावावी आणि चौकटीखालीं मजबूत घोड्या द्याव्या. नुसत्या जॅकच्या आधारावर गाडीखालीं कोणीही जाऊं नये.

कोमट असतांना इंजिनाचें तेल काढावें. संरक्षक पत्रे व आडवी पट्टी सोडावी. पुढील प्रोपेलर शाफ्टवर खूण करून तो काढावा, म्हणजे बसवितांना तोल बिघडत नाहीं. दोन्ही चाकांकडील अर्धे शाफ्ट डिफरन्शियलपासून सोडवून तारेनें वर बांधावे. लोंबकळत ठेवल्यास त्यांचे रबरी बूट फाटतात. विजेची जोडणी व हवेची नळी विसरूं नये. स्टिअरिंगचा दांडा आड येत असल्यास तो सांध्यापाशीं सोडावा.

डिफरन्शियलचें वजन एका बाजूस अधिक असतें. म्हणून जॅकवर तें पट्ट्यानें बांधूनच शेवटचे बोल्ट काढावे व दोघांनीं मिळून हळूहळू खालीं घ्यावें. इंजिन वर उचलून वाट काढण्याचा प्रयत्न कित्येक करतात. त्यानें जागा थोडीच मिळते आणि सांधा नीट पुसतां येत नाहीं.

नवा चेंबर बसवितांना

चेंबर खालीं आला कीं शोषण-नळीचें रबरी कडें बदलावें. तें कडक झाल्यास पंप हवा ओढतो व तेलाचा दाब पडतो. हें काम पुन्हां उघडून करणें परवडणारें नाहीं. डिफरन्शियलचे सीलही याच वेळीं पाहावे.

ॲल्युमिनियमचा सांधा पोलादी पात्यानें खरवडूं नये. पॅकिंग नवेंच घ्यावें व इंजिनाचीं पुढचीं-मागचीं झांकणें जेथें मिळतात त्या चार कोपऱ्यांत सांधा भरण्याचा मसाला लावावा. १९९९ सालापासूनच्या शेवरोलेच्या ५.३ लिटर इंजिनांत गिअरपेटी चेंबरलाही बोल्टांनीं जोडलेली असते. त्यामुळें चेंबरची मागील कड इंजिनाच्या कडेशीं सरळपट्टीनें जुळवून पाहावी. फट राहिली तर बोल्ट आवळतांना चेंबरला ताण बसतो. सर्व बोल्ट प्रथम हातानें लावून मग मधून बाहेर थोडे थोडे आवळावे. या इंजिनांत चेंबरच्या मोठ्या बोल्टांचा जोर २५ न्यूटन-मीटर असून तो मोजण्याच्या पान्यानेंच द्यावा.

पुढें सर्व उलट क्रमानें जोडावें. डिफरन्शियलमध्यें भरणीच्या छिद्राच्या कडेपर्यंत गिअरचें तेल भरावें. वरील इंजिनाच्या सुरुवातीच्या नमुन्यांस गाळणीसह सुमारें ५.७ लिटर तेल लागतें. इंजिन सुरू करतांच तेलाचा दाब पाहावा. तो न दिसल्यास इंजिन तत्काळ बंद करावें. दोन दिवसांनीं पुन्हां फडकें फिरवून पाहावें.

गळती लहान आहे म्हणून डिपस्टिक न पाहतां हंगामभर गाडी हांकणाऱ्यास हा सर्व खटाटोप मोठा वाटेल. परंतु तेल संपून बेअरिंगें जळालीं म्हणजे चेंबर नव्हे, सबंध इंजिनच उतरवावें लागतें.