गोळी किती खोल बसवावी?

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले. त्या कागदावरील दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. एवढ्या बारीक जागी पुन्हा पुन्हा गोळी लागते ती हाताच्या व डोळ्याच्या बळावर, असा आपला समज असतो. तो खराच आहे. पण यात काडतुसाचाही वाटा असतो. त्याविषयी येथे थोडे लिहीत आहे.

साध्या रायफलीच्या काडतुसात चार वस्तू असतात: पितळी पुंगळी, बुडाशी ठिणगी देणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. अमेरिकेसारख्या देशात कित्येक नेमबाज रिकाम्या पुंगळ्या घरीच पुन्हा भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे परवान्यावाचून काडतूस तयार करता येत नाही. तेव्हा हे केवळ समजून घेण्यापुरतेच.

भरणाऱ्यापुढे मोठा प्रश्न असतो तो गोळी पुंगळीत किती खोल बसवावी हा. नळीच्या आतून पिळाचे आटे कोरलेले असतात. त्यांत शिरली की गोळी गरगर फिरू लागते आणि तिची दिशा टिकते. परंतु बसलेल्या काडतुसातील गोळी व आट्यांची सुरुवात यांत थोडे अंतर राहते. दारू पेटली की गोळीला तेवढी उडी मारावी लागते, आणि त्या उडीत ती किंचित तिरकी झाली तर तशीच आट्यांत घुसते.

मग ती आट्यांना टेकवूनच का ठेवू नये? कारण ती आरंभीच अडते आणि नळीतील दाब एकदम चढतो. शिवाय न झाडलेले काडतूस परत काढताना गोळी आत अडकून दारू सांडू शकते. बरे, फार खोल बसवावी तर दारूची जागा आकसते. रायफलीच्या लांब पुंगळीत हा फरक बेताचा असतो, पिस्तुलाच्या आखूड पुंगळीत मात्र त्याने जिवावर बेतू शकते.

योग्य माप पुस्तकात छापून मिळत नाही, कारण ते त्या एका नळीचे असते. माझे वडील शाळेत गेलेले नाहीत. पण नायगावच्या काळ्या रानात करडई किती खोल पेरायची हे ते ओल चाचपून ठरवतात, शेजाऱ्याचे माप विचारीत नाहीत. येथेही तसेच आहे. इंचाच्या हजाराव्या भागांत खोली बदलत जायची, प्रत्येक मापाच्या काही गोळ्या कागदावर झाडायच्या आणि भोके सर्वांत जवळ कोठे पडतात ते पाहायचे. मोजताना गोळीचे टोक धरीत नाहीत, कारण टोके सारखी नसतात. आट्यांना जो फुगीर भाग भिडतो तेथपासून मोजतात. एवढे करून जमलेले मापही कायमचे नव्हे. आट्यांचे तोंड झिजून पुढे सरकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात!

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून काडतुसे बनवतो. असा कारखाना एका नळीचे माप धरू शकत नाही. त्याची काडतुसे त्या जातीच्या प्रत्येक रायफलीत गेली पाहिजेत. तयार सदरा आणि शिंप्याने शिवलेला सदरा यांत जो फरक, तोच हा.

कुसाळे यांच्या प्रकारात तर घरी भरण्याची सोयच नाही. तेथे पॉइंट टू टूचे काडतूस लागते. त्यात ठिणगीचा मसाला पुंगळीच्या काठातच असतो आणि घोड्याच्या ठोक्याने काठ चेपतो. म्हणून मोठे नेमबाज उलट वाटेने जातात. काही परदेशी कारखान्यांत त्यांची नळी पकडीत आवळून निरनिराळ्या लॉटची काडतुसे झाडून पाहतात आणि जो लॉट त्या नळीला मानवेल तोच विकत घेतात.

आम्हा एन. सी. सी. कॅडेटांना हाती येतील ती पाच काडतुसे घ्यावी लागतात. लॉटचा क्रमांक खोक्यावर छापलेला असतो. पुढच्या फायरिंगला उस्तादांची परवानगी घेऊन मी तो वहीत उतरवणार आहे, आणि त्याच पानावर माझ्या पाच भोकांमधले अंतरही.