ग्रंथबंदी आणि ग्रंथालयाची जबाबदारी



साहित्य आणि समाज यांचा संबंध अभ्यासताना आपण लेखक, कलाकृती आणि वाचक यांचा विचार करतो. मात्र ग्रंथ वाचकाच्या हाती येण्याआधी शासन, न्यायालय, प्रकाशक आणि ग्रंथपाल यांचे निर्णयही त्याच्या वाटेवर असतात. हे निर्णय ग्रंथाची वाट कशी अडवतात, ते येथे पाहू.

कायद्याने घातलेली बंदी

सावरकरांच्या १८५७ च्या उठावावरील ग्रंथावर ब्रिटिश सरकारने १९०९ मध्ये, तो प्रसिद्ध होण्यापूर्वीच बंदी घातली. ती १९४६ मध्ये उठली. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला, तेव्हा ‘कर्मयोगी’ पत्राचे संपादक रामभाऊ राजवाडे यांना तुरुंगवास झाला. मुद्रित शब्दाचे भय सत्तेला किती वाटत असे, हे यावरून आपल्या लक्षात येईल.

स्वातंत्र्यानंतरही ग्रंथ सरकारजमा करण्याचा अधिकार राज्य शासनाकडे राहिला. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील कलम ९५ मध्ये तो होता. आता तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९८ मध्ये आहे. या अधिकाराला दोन मर्यादा आहेत. शासनाला आपल्या मताची कारणे अधिसूचनेत नमूद करावी लागतात आणि हितसंबंध असलेल्या व्यक्तीला दोन महिन्यांच्या आत उच्च न्यायालयात दाद मागता येते.

जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरील ग्रंथाचे प्रकरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे. जानेवारी २००४ मध्ये पुण्याच्या भांडारकर संस्थेवर हल्ला झाला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने ग्रंथावर बंदी घातली. या बंदीला आव्हान देणाऱ्यांत लेखक नव्हता आणि प्रकाशकही नव्हता; चित्रपटकार आनंद पटवर्धन यांच्यासारखे नागरिक होते. उच्च न्यायालयाने २००७ मध्ये बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये तो निर्णय कायम केला. ग्रंथामुळे नेमक्या कोणत्या समाजगटांत वैर निर्माण होईल, हे अधिसूचनेत सांगितलेले नव्हते, हा त्यातील कळीचा मुद्दा होता.

नोंद नसलेली बंदी

येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रकाशकाने हा ग्रंथ नोव्हेंबर २००३ मध्येच, म्हणजे शासकीय बंदीपूर्वी, भारतातील बाजारातून मागे घेतला होता. शासनाची अधिसूचना न्यायालयाला रद्द करता येते. भीतीपोटी घेतलेली माघार तशी रद्द करता येत नाही. शालेय ग्रंथालयात हा धोका अधिक असतो. कोणी तोंडी तक्रार करतो, पुस्तक कपाटातून निघून कुलपात जाते आणि त्याची कोठेही नोंद होत नाही. आदेशच नसेल, तर दाद कशाविरुद्ध मागणार?

निवड आणि बंदी यांतील भेद

प्रत्येक ग्रंथालयाला निवड करावीच लागते. सोलापुरासारख्या शहरात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू आणि उर्दू वाचकही आहेत. उपलब्ध निधीत कोणत्या भाषेची किती पुस्तके घ्यावीत, हा निवडीचा प्रश्न आहे. इयत्ता चौथीच्या मुलासाठी वयाला साजेसे पुस्तक शोधणे हीही निवडच. जीर्ण प्रत दाखल नोंदवहीत नोंद करून बाद करणे, हा नित्याचा व्यवहार आहे. वाचकाला काय उपयोगी पडेल, हा प्रश्न निवडीच्या मुळाशी असतो. वाचकाने काय वाचू नये, हा बंदीच्या मुळाशी.

म्हणून आक्षेप आल्यास तो लेखी घ्यावा, समितीने पुस्तक संपूर्ण वाचावे, निर्णय कारणांसह नोंदवावा आणि तोपर्यंत पुस्तक कपाटातच ठेवावे. आक्षेप घेण्याचा पालकांचा हक्क यामुळे डावलला जात नाही. फक्त एका पालकाचा निर्णय सर्व मुलांवर लादला जात नाही.

आपल्यापैकी अनेक जण शिक्षक आहेत, पालक आहेत, ग्रंथालयांत काम करणारे आहेत. हा प्रश्न उद्या आपल्याच टेबलावर येऊ शकतो.

स्वयंअध्ययन प्रश्न

१. शासकीय बंदी आणि नोंद नसलेली बंदी यांतील फरक उदाहरणांसह स्पष्ट करा.
२. आपल्या परिसरातील शाळेच्या ग्रंथालयात पुस्तकांची निवड कोण व कशी करते, याची माहिती मिळवून दहा ओळी लिहा.