सोनोग्राफीचे बिल विमा कंपनी देते का?

गरोदरपणाचा पाचवा महिना लागला की डॉक्टर अ‍ॅनॉमली स्कॅन लिहून देतात. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास बाळाचे हृदय, मेंदू, मणका, मूत्रपिंडे नीट पाहता येतात. बिल काही हजारांचे होते आणि घरात पॉलिसीची फाईल शोधली जाते. बहुतेकांची निराशाच होते. आपल्याकडचा आरोग्य विमा मुळात रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. सोनोग्राफी होते ओपीडीत. प्रसूतीचा लाभ असला तरी तो अनेक पॉलिसींत दोन ते चार वर्षांच्या प्रतीक्षेनंतरच मिळतो. लग्नानंतर घाईने घेतलेली पॉलिसी पहिल्या बाळंतपणाला कामी येतेच असे नाही. नोकरीतल्या गट विम्यात ही अट बहुधा नसते. तिथे ‘प्रसूतीपूर्व खर्च’ ही ओळ आणि तिची मर्यादा वाचावी. आयुष्मान भारतमध्येही ओपीडीचा खर्च बसत नाही.

सरसकट सोनोग्राफी हवीच कशाला, हा प्रश्न अमेरिकेत पूर्वीच विचारला गेला. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘रेडियस’ अभ्यासात १५ हजारांहून अधिक कमी जोखमीच्या गरोदर स्त्रिया होत्या. सरसकट तपासणीने नवजात बाळांच्या प्रकृतीत फरक दिसला नाही. खर्च नाकारणाऱ्यांना आयताच आधार मिळाला. मात्र त्याच अभ्यासात मोठ्या केंद्रांबाहेर फारच थोडी व्यंगे वेळेत सापडली होती, हे कुणी फारसे सांगत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये २४ आठवड्यांपूर्वी एक सोनोग्राफी करावी, असे सुचवले.

आपल्याकडे या आठवड्यांना कायद्याचेही वजन आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर गंभीर व्यंग आढळल्यास २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. पुढे वैद्यकीय मंडळाकडे जावे लागते. पैशांसाठी तपासणी दोन महिने लांबली, तर जोडप्यापुढचे पर्यायच आकसतात. मुलगा की मुलगी हे मात्र कितीही पैसे मोजले तरी सांगता येत नाही. तो गुन्हा आहे.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयांत गरोदर स्त्रीच्या तपासण्या, सोनोग्राफीसह, मोफत आहेत. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणीही असते. अडचण रांगेची आहे. रेडिओलॉजिस्ट कमी, स्त्रिया जास्त. पाचव्या महिन्यात नाव लावले तर तारीख सातव्यात मिळू शकते. म्हणून पहिल्या नावनोंदणीलाच शेवटच्या पाळीची तारीख सांगून अ‍ॅनॉमली स्कॅनचा दिवस मागून घ्यावा.