आषाढातली लाँच

साताऱ्याहून कासचं पठार ओलांडून बामणोलीला उतरलं की रस्ता पाण्यापाशी संपतो. हिवाळ्यात इथे वासोटा किल्ल्याला जाणाऱ्यांची झुंबड असते. पावसाळ्यात किल्ला बंद, पर्यटकांच्या लाँचही ताडपत्री पांघरून काठाला बांधलेल्या. गावकऱ्यांना मात्र पाणी ओलांडावंच लागतं. कोयना धरणाचा हा शिवसागर जलाशय समजून घ्यायचा तर याच दिवसांत यावं, असं माझं ठाम मत आहे.

एरवी निळंशार दिसणारं पाणी आषाढात गढूळ होतं, समोरचा डोंगर धुक्यात जातो आणि वाऱ्याने लाटा उठतात. बाजाराच्या पिशव्या, बियाण्याची पोती, दवाखान्यातून परतणारी आजी असं सगळं एका लाँचमध्ये असतं. भर पाण्यातून जाण्यापेक्षा काठाकाठाने जाणं बरं, हे चालवणाऱ्याला कुणी शिकवावं लागत नाही. डोंगराची सोंड ओळखून तो वळण घेतो. तापोळ्याला सोळशी आणि कांदाटी कोयनेला मिळतात. तिथे तीन खोऱ्यांचं पाणी एकत्र पसरलेलं असतं आणि पावसात कुठलं पाणी कुठल्या खोऱ्याचं हे नवख्याला उमगत नाही.

हे पाणी इथे आलं ते विजेसाठी. उत्तरेकडून दक्षिणेला वाहणारी कोयना हेळवाकला पूर्वेकडे वळते. त्या वळणाजवळ साठच्या दशकात १०३ मीटर उंचीचं धरण पुरं झालं. आज त्यात १०५ टीएमसी पाणी मावतं, आणि त्यातलं ६७.५ टीएमसी दरवर्षी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडून वीज करण्याची मुभा कृष्णा लवादाने दिलेली आहे. प्रकल्पाची एकूण क्षमता १९६० मेगावॉट. खोऱ्यातली गावं उठली. कुणी रायगड-ठाण्याला गेलं, कुणी सोलापूर-सांगलीकडे. जी माणसं वर सरकून डोंगरउतारावर राहिली, त्यांच्या पायवाटा तळ्याखाली गेल्या. होडी त्यांच्या आयुष्यात आली ती अशी.

फ्रान्सच्या दक्षिणेत याच्या अगदी उलट घडलं. तूलूझपासून भूमध्य समुद्राकडे जाणारा काना द्यू मिदी हा २४० किलोमीटरचा कालवा पिएर-पोल रिके याने १६६६ मध्ये हाती घेतला. १६८१ मध्ये तो खुला झाला, पण रिके काही महिने आधीच वारला होता. कालव्याच्या सर्वांत उंच टप्प्याला पाणी कमी पडू नये म्हणून त्याने मोंतान्य न्वार या डोंगरातलं पावसाचं पाणी सें-फेरेओलच्या धरणात अडवलं. म्हणजे तिथे धरण बांधलं गेलं तेच नावा तरंगाव्यात म्हणून! आज मालवाहतूक जवळजवळ संपली आहे आणि लोक भाड्याची होडी घेऊन झाडांच्या सावलीतून ताशी सात-आठ किलोमीटरने हिंडतात. उन्हाळ्यात पाऊस लागला तर होडीतच कॉफी करून पुस्तक वाचत बसतात. जलकपाटांमुळे प्रत्येक टप्प्यातली पातळी जवळपास ठरलेली, म्हणून धक्केही कायमचे.

कोयनेत तसा कायमचा धक्का कुठून आणायचा? पूर्ण भरलेल्या धरणाची पातळी २१६३ फूट ६ इंच. कोरड्या वर्षी जूनपर्यंत ती शंभर फुटांनी खाली येऊ शकते. वैशाखात जुन्या घरांची जोती उघडी पडतात आणि लाँचपर्यंत चिखल तुडवत जावं लागतं. नवजा, कोयनानगर, महाबळेश्वर इथे पाऊस कोसळू लागला की पाणी रोज वर चढतं आणि चढ-उताराची जागाही रोज मागे सरकते. धक्का तरंगता हवा, हा इथला पहिला हिशोब.

जानेवारी २०२२ मध्ये याच जलाशयाकाठच्या, जावळी तालुक्यातल्या खिरखंडीच्या मुली स्वतः होडी वल्हवत शाळेला जातात, ही बातमी आली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्यांच्या धाडसाचं कौतुक खूप झालं. मला ते वाचून राग आला होता. शाळेसाठी लेकरांना धाडस करावं लागू नये.

धरणाच्या सांडव्याचे सहा वक्र दरवाजे उचलले की हेच पाणी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं आणि पुढे सांगलीला पोचतं. तिथे आयर्विन पुलावरची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी लहान पोरांनाही पाठ असते. कृष्णाकाठची होडीची हौस दांडगी. श्रावणात होड्यांच्या शर्यती रंगतात, काठ माणसांनी फुलतो. औदुंबरला दत्ताचं दर्शन घेऊन लोक नावेतून पैलतीरी भुवनेश्वरीला जातात. गुऱ्हाळातली काहिल पाण्यात लोटून नदी ओलांडणारेही याच मुलखातले. पण ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला महापुरातून माणसं बाहेर काढणारी होडी उलटली आणि अनेक जीव गेले. होडीची क्षमता ठळक लिहिलेली असणं, प्रत्येकाच्या अंगात जॅकेट असणं, वल्हं आणि इंजिन दोन्ही येणारा माणूस सुकाणूवर असणं, यांचं मोल तेव्हापासून या काठाला नव्याने सांगावं लागत नाही.

तापोळ्याजवळ आता मोठा पूल उभा राहतो आहे, मुनावळ्याला २०२४ मध्ये जलपर्यटन सुरू झालं. पूल हवाच, बाळंतिणीला रात्री दवाखाना गाठता यायला हवा. पण पुलाने सगळी गावं जोडली जाणार नाहीत. ज्यांच्या दारापर्यंत रस्ता यायला अजून वर्षं लागतील, त्यांच्यासाठी तरंगता धक्का, छत असलेली लाँच आणि पावसाळ्यातलं ठरलेलं वेळापत्रक यांवर पर्यटनाच्या बोटींआधी पैसा खर्च व्हावा.