व्यवसाय व पर्यावरण वैद्यक : प्रशिक्षण
काम व कामाची जागा यांमुळे उद्‌भवणारे विकार ओळखणे, त्यांचा प्रतिबंध व उपचार करणे, तसेच उद्योगांतून बाहेर पडणारी धूळ, धूर, सांडपाणी व गोंगाट यांचे परिसरातील लोकांवर होणारे परिणाम अभ्यासणे, हे कार्य करणाऱ्या वैद्यकाच्या शाखेस व्यवसाय व पर्यावरण वैद्यक म्हणतात. रोग्याची लक्षणे व त्याचे काम यांतील संबंध डॉक्टरास शोधता यावा, हा या शाखेतील प्रशिक्षणाचा मुख्य उद्देश होय. इटालियन वैद्य बेर्नारदीनो रामात्सीनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामगारांच्या रोगांवरील ग्रंथात, रोग्यास त्याचा धंदाही विचारावा, असे सुचविले होते.

भारतातील सोयी : कोलकाता येथील अखिल भारतीय आरोग्यविज्ञान व सार्वजनिक आरोग्य संस्थेने (स्थापना १९३२) औद्योगिक आरोग्यातील पदविका सुरू केली. अहमदाबाद येथे १९६६ मध्ये स्थापन झालेल्या संशोधन संस्थेस १९७० मध्ये राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्था हे नाव मिळाले. मुंबईत शीव येथील केंद्रीय श्रम संस्थेत एम्.बी.बी.एस्. पदवीधरांसाठी ‘असोसिएट फेलो ऑफ इंडस्ट्रियल हेल्थ’ हा तीन महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहे. भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर (१९८४) कारखाना अधिनियमात १९८७ मध्ये दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रियांतील कामगारांची वैद्यकीय तपासणी व आरोग्य-नोंदी बंधनकारक झाल्या. त्यामुळे अशा प्रशिक्षित डॉक्टरांची गरज वाढली.

निदानाची पद्धती : ठाणे जिल्ह्यातील भिवंडी या यंत्रमागाच्या प्रमुख केंद्राच्या उदाहरणावरून ही पद्धती स्पष्ट होते. खोकला व दम लागण्याची तक्रार घेऊन आलेल्या कामगारास क्षयरोग, दमा वा धूम्रपानजन्य श्वासनलिकादाह असू शकतो. तसेच कापसाच्या धुळीमुळे होणारा बिसिनोसिस हा विकारही असू शकतो. बिसिनोसिसमध्ये साप्ताहिक सुटीनंतर कामावर परतल्याच्या पहिल्या दिवशी छाती आवळल्यासारखी वाटते. ब्रिटनमधील रिचर्ड शिलिंग यांनी १९५० नंतरच्या दशकात या लक्षणावर आधारलेली प्रतवारी मांडली. पाठ्यपुस्तकांत हा दिवस सोमवार असतो. परंतु सुटी दुसऱ्या वारी असल्यास प्रश्नही त्यानुसार बदलावा लागतो. कापूस पिंजण्याच्या खात्यांत हा धोका अधिक व विणाईत कमी असतो. शिवाय भिवंडीतील पुष्कळ माग कृत्रिम धाग्यांवर चालतात. म्हणून धागा कोणता, पूर्वीचे काम कोणते व ते किती वर्षे केले, ही माहिती क्ष-किरण चित्राइतकीच महत्त्वाची ठरते.

गोंगाटामुळे येणारे बहिरेपण हे दुसरे उदाहरण होय. त्याचा प्रारंभ सामान्यतः दर सेकंदास सु. ४,००० कंपने असलेल्या ध्वनीपासून होतो. नेहमीचे संभाषण प्रथम ऐकू येत असल्याने कामगारास दोष जाणवत नाही व जाणवतो तेव्हा तो भरून येत नाही. त्यामुळे श्रवणालेख वाचण्याबरोबरच मागाजवळील ध्वनिपातळी मोजण्याचे शिक्षणही डॉक्टरास आवश्यक असते. वस्तीलगतच्या मागांचा आवाज घरांतही पोहोचतो, तर कांजी देण्याच्या कारखान्यांतील बाष्पित्रांचा धूर सर्वांच्याच श्वासात जातो. अशा ठिकाणी व्यवसाय-वैद्यक व पर्यावरण-वैद्यक यांत सीमारेषा उरत नाही.

कायदा व मर्यादा : अनुसूचीतील व्यवसायजन्य रोग आढळल्यास उपचार करणाऱ्या डॉक्टराने तो शासनास कळवावा, अशी तरतूद १९४८ च्या कारखाना अधिनियमात होती, व्यवसाय सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० हीमध्येही ती आहे. बिसिनोसिसचा अशा रोगांत समावेश होतो. निदान झाले नाही, तर नुकसानभरपाईचा हक्क कागदावरच राहतो. मात्र मूळ अधिनियमानुसार शक्तीवर चालणारा कारखाना ठरण्यास दहा कामगार पुरेसे होते. २०२० च्या संहितेनुसार वीस लागतात. यंत्रमागाच्या धंद्यात एक विणकर अनेक माग सांभाळतो, त्यामुळे पुष्कळ मागशाळांतील कामगारसंख्या या मर्यादेखाली राहते. तेथे कारखान्याचा डॉक्टर नसतो. कामगार गल्लीतील दवाखान्यात अथवा शासकीय रुग्णालयात जातो. म्हणून विशेषज्ञ तयार करण्याबरोबरच सर्वसाधारण वैद्यकीय अभ्यासक्रमातही रोग्याच्या कामाची चौकशी करण्याचे शिक्षण देणे अगत्याचे आहे.