सासूबाईंना चहाला धाडून

आशाताईच्या, म्हणजे गावच्या आशा कार्यकर्तीच्या, पिशवीतून आधी वजनकाटा निघतो. आंबेगाव तालुक्यात, डिंभे धरणाच्या वरच्या अंगाच्या एका वाडीत मी तिच्यासोबत गेले होते. वजन, ताप, मिनिटाचे श्वास, बेंबी कोरडी का, सगळं झटपट झालं. दवाखान्यात बाळंतपण झालं की 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी भेट ठरलेली. ही 28 व्या दिवसाची. दुसरी मुलगी.

"मावशी, च्या टाका की," ताई म्हणाली. सासू चुलीकडे वळल्यावर तिने बाळंतिणीला हळूच विचारलं, "बाळ निजल्यावर तरी डोळा लागतो का गं?"

बाळ रात्रभर जागवतं, ते धरलेलंच. पण बाळ गाढ झोपलंय आणि आई आढ्याकडे बघत पडलीय, तर तिथे थांबायचं. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायच्या 1987 च्या एडिंबरा प्रश्नावलीतही हीच खुबी आहे. गेल्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, गुण 30 पैकी. थकवा आणि भूक त्यात नाहीच, कारण ते प्रत्येक बाळंतिणीचं असतं. शेवटचा प्रश्न जिवाचं बरंवाईट करण्याचा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे मात्र शिकल्यासवरल्यांनाही पटवावं लागतं.

बाळंतीण काय म्हणाली ते इथे लिहीत नाही. तिच्या आईने मात्र 'बाळंतवात' म्हणून शेक वाढवला होता.

गोव्यातल्या, 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 252 पैकी 59 आयांना नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याची मारझोड आणि मुलगा हवा असताना झालेली मुलगी, ही कारणं ठळक होती. त्यातल्या बहुतेकींचं मन पोटुशी असतानाच खचलेलं. म्हणजे 28 वा दिवससुद्धा उशिराच.

ताईच्या वहीत बापाचा रकाना नाही. जगभरच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब दहातल्या एका बापाला नैराश्य येतं असं सांगतो, तरी नाहीच. नारायणगावहून मजुरी करून आलेल्या नवऱ्याला ताईने दारातच गाठलं. "दादा, जेवण जातंय ना? चिडचिड वाढलीय म्हणतात." तो हसला, मग उचल घेतलेल्या पैशांवर बराच वेळ बोलत राहिला.

घरात मोबाईल एकच, तोही त्याच्या खिशात. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा 14416 हा मराठीत बोलणारा फुकट नंबर ताईने दोघांसमोर त्यात भरला. नाव दिलं 'आशा 2', सासूच्या चौकशा नकोत म्हणून. 42 व्या दिवसानंतरची ठरलेली भेट थेट तिसऱ्या महिन्यात. ताई म्हणाली, "मी मध्ये येईनच, काटा घेऊन. काटा बघितला की कोणी विचारत नाही."